वेदीपासून फलाटापर्यंत

वेरूळच्या दहाव्या लेण्यात उभे राहून वर पाहिले की छताला एकामागून एक अर्धवर्तुळाकार फासळ्या दिसतात. पूर्वी चैत्यगृहे लाकडात बांधली जात, तेव्हा छत पेलण्यासाठी अशा फासळ्यांची गरज असे. सातव्या शतकाच्या सुमारास हे लेणे खोदले गेले, तेव्हा मात्र डोंगर हेच छत होते. फासळ्यांनी पेलावे असे तेथे काहीच नव्हते. तरीही शिल्पकारांनी त्या मोठ्या कष्टाने दगडात कोरल्या. परिसरातील लोक या लेण्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. पाथरवटाच्या कामात लोकांना सुताराचा हात दिसला, आणि तो योग्यच दिसला. कारण येथे दगडाने लाकडाचा पोशाख घातला आहे.

वास्तुकलेच्या इतिहासात हे वारंवार घडते. साहित्य बदलते, गरज बदलते, धनी बदलतो; आकार मात्र मागे राहतो आणि नव्या धन्याची चाकरी करू लागतो. जुन्या आकाराला लोकांच्या मनात मान असतो. नव्या शक्तीला तो मान हवा असतो, म्हणून ती प्रथम जुने वस्त्र पांघरून येते. पाश्चात्त्य संस्कृती ज्या शक्तींनी घडवली, त्यांचा क्रम तिच्या इमारतींवरून वाचता येतो. त्यासाठी युरोपपर्यंत जाण्याचीही गरज नाही. गोवा, वसई आणि मुंबई येथे त्या इतिहासाची मोठमोठी पाने दगडात लिहिलेली आहेत, आणि त्यांतील काही ओळींचा संबंध थेट आपल्या मराठवाड्याशी आहे.

ही पाने वाचताना प्रत्येक वास्तूला तीन साधे प्रश्न विचारावेत. हिचा भार कोण वाहतो? हिच्यातला प्रकाश कोणाला मिळतो? आणि हिच्या शिखरावर कोण उभे आहे?

आरंभ रोमपासून करू. रोमन साम्राज्यात 'बॅसिलिका' म्हणजे न्यायदानाचे आणि व्यापारी व्यवहारांचे लांबट सभागृह. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, मध्ये प्रशस्त दालन आणि अनेकदा एका टोकाला अर्धवर्तुळाकार जागा. तेथे न्यायाधिकाऱ्याचे आसन असे. इ. स. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळात ख्रिस्ती श्रद्धेला मोकळीक मिळाली आणि श्रद्धावंतांना उपासनेसाठी मोठ्या वास्तूंची निकड भासू लागली. रोमन देवळाचा आराखडा उपयोगाचा नव्हता. त्या देवळात मूर्तीचे वास्तव्य असे, आणि भक्तसमुदाय बाहेरच्या प्रांगणात जमे. ख्रिस्ती लोकांना एकत्र बसून वचन ऐकायचे होते, एका मेजाभोवती भाकर मोडायची होती. म्हणून त्यांनी सभागृहाचा आकार उचलला. न्यायाधिकाऱ्याच्या आसनाच्या जागी वेदी आली, बिशपांचे आसन आले. 'कॅथेड्रल' या शब्दाचा उगमही त्या आसनातच आहे. चर्चने साम्राज्याच्या कचेरीचे वस्त्र घेतले आणि त्याला नवा प्राण दिला. त्या वस्त्राबरोबर साम्राज्याचा थोडा रुबाबही अंगाला चिकटला, हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

आपल्याकडच्या चैत्यगृहांचा आराखडा बॅसिलिकेशी विलक्षण जुळतो. मध्ये दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, टोकाला अर्धवर्तुळ आणि त्यात स्तूप. एकोणिसाव्या शतकातील वास्तुइतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी कार्ल्याच्या चैत्याची तुलना इंग्लंडमधील नॉर्विच कॅथेड्रलच्या अंतर्भागाशी केली होती. एकत्र जमून उपासना करणाऱ्या दोन समाजांना, एकमेकांची गाठ न पडताही, सारखाच आकार सुचला असावा असे मला वाटते.

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये या आकाराला नवी उंची मिळाली. पॅरिसजवळील सेंट डेनिस येथील मठाधिपती सुजे यांनी आपल्या चर्चचा वेदीकडील भाग नव्याने बांधला. ११४४ मध्ये त्याचे पवित्रीकरण झाले, आणि पुढे ज्याला गॉथिक म्हटले गेले त्या शैलीचा उदय तेथून मानतात. तिची युक्ती अशी : टोकदार कमान आणि फासळ्यांचे छत यांमुळे छताचा भार ठरावीक बिंदूंवर येतो, तेथून बाहेरच्या बाजूच्या अर्धकमानी तो रेटा झेलून जमिनीकडे नेतात. भिंतीला भार वाहायचा नसल्यामुळे तिच्यात मोठ्या खिडक्या पाडता येतात. वेरूळच्या फासळ्या स्मरणापुरत्या होत्या. या फासळ्या खरोखर काम करीत होत्या. भिंत हटली आणि रंगीत काचांतून प्रकाश आत आला. तो राजालाही मिळे आणि अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यालाही. काचेवर रंगवलेल्या बायबलकथा हाच त्याचा ग्रंथ होता.

शार्त्र येथील कॅथेड्रल ११९४ मध्ये आगीत भस्मसात झाले, आणि त्याचा मुख्य भाग एका पिढीच्या आत पुन्हा उभा राहिला. तेथील अनेक खिडक्यांच्या तळाशी भटारी, चर्मकार, विणकर, सुतार आपापल्या कामात मग्न असलेले दिसतात. श्रद्धेच्या जोडीला शहरांचा व्यापार आणि कारागिरांचे संघ याही त्या काळच्या शक्ती होत्या, हे त्यांवरून कळते. त्या शक्तींत ईर्ष्याही होती. बोव्हे गावाने सर्वांहून उंच, सुमारे ४८ मीटर उंचीचे छत उभारले. १२८४ मध्ये त्याचा काही भाग कोसळला. देवाच्या गौरवासाठी चढलेली उंची आणि शेजारच्या गावावर मात करण्यासाठी चढलेली उंची यांतील सीमारेषा माणसाला नेहमीच दिसते असे नाही.

त्यानंतर सुमारे तीन शतकांनी युरोपीय वास्तुकला जहाजात बसून आपल्या किनाऱ्यावर आली. तोपर्यंत युरोपचे चित्र पालटले होते. धर्मसुधारणेच्या चळवळीने पाश्चात्त्य ख्रिस्ती जग दुभंगले होते, आणि ट्रेंटच्या परिषदेने (१५४५-६३) कॅथलिक चर्चची नव्याने घडी बसवली होती. रोममध्ये १५६८ मध्ये येशूसंघीयांच्या 'जेझू' या मंदिराचे बांधकाम सुरू झाले. त्यात खांबांचे अरण्य नाही. एकच रुंद दालन आहे, वेदी सर्वांना दिसते, प्रवचन सर्वांना ऐकू येते. श्रद्धेचे शिक्षण ही त्या काळाची निकड होती आणि वास्तूने ती ओळखली. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका (१५९४-१६०५) त्याच प्रेरणेचे अपत्य होय. तिच्या जांभ्या दगडाच्या दर्शनी भागावर येशूच्या नावाची आद्याक्षरे कोरलेली आहेत.

परंतु त्या जहाजात धर्मगुरूंच्या शेजारी सैनिकही बसलेला होता. वसईचा किल्ला पाहताना हे विसरता येत नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत एकाच तटबंदीच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन आणि येशूसंघीय यांची मंदिरे व मठ उभे राहिले. बुरूज आणि घंटाघर एकमेकांना सावली देत होते. आज दोन्हींचे भग्नावशेष आहेत. श्रद्धा मात्र तटाबाहेरच्या गावांत, आगरांत आणि कोळीवाड्यांत टिकून राहिली, आणि ती मराठीतून प्रार्थना करते. वसईच्या काही घंटा मराठ्यांनी विजयचिन्ह म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला त्या आजही दिसतात. घंटेचा धनी बदलला, नाद तोच राहिला.

एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य जगाचे सुकाणू यंत्राच्या हाती गेले. १८५१ मध्ये लंडनच्या हाईड पार्कमध्ये जोसेफ पॅक्स्टन यांनी लोखंड आणि काच यांचा 'क्रिस्टल पॅलेस' उभारला. पॅक्स्टन यांचा अनुभव बागेतील काचगृहांचा होता. वस्तूंच्या महाप्रदर्शनासाठी उभारलेल्या या वास्तूत प्रकाश कॅथेड्रलहूनही अधिक होता; मात्र तो कापडावर आणि यंत्रांवर पडत होता. पुढे ही वास्तू सिडनहॅमला हलवण्यात आली. तेथे १८६६ मध्ये आग लागली, आणि त्या आगीत आपल्या अजिंठ्याचा एक मोठा ठेवा नष्ट झाला. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे लेण्यांतील भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या होत्या. त्यांतील बहुतेक सर्व तेथे जळाल्या. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या, आणि त्यांतीलही अनेक लंडनच्या दुसऱ्या एका आगीत गेल्या.

या यंत्रयुगाला आपल्या उघड्या लोखंडाचा संकोच वाटत असावा. लंडनचे संसदभवन १८३४ मध्ये जळाले, तेव्हा नवे भवन उभारताना गॉथिक साज निवडला गेला. त्याच्या अलंकरणाचे शिल्पकार ऑगस्टस प्यूजिन कॅथलिक श्रद्धा स्वीकारलेले होते; टोकदार कमान हीच ख्रिस्ती वास्तुकला, अशी त्यांची निष्ठा होती. त्यांची निष्ठा खरी होती, परंतु त्यांनी लोकप्रिय केलेला आकार लवकरच इतरांच्या कामी आला. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनच्या सेंट पँक्रस रेल्वे स्थानकापुढे गॉथिक मनोऱ्यांचे भव्य हॉटेल उभे केले, आणि त्याच स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही न ठेवता मुंबई विद्यापीठाच्या इमारतींचे आराखडे पाठवले.

मुंबईत गॉथिक शैली ज्या पैशावर आली, तो कापसाचा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथील कापूस बंद झाला आणि लँकशायरच्या गिरण्यांनी खानदेश, वऱ्हाड व गुजरातच्या कापसाकडे हात पसरले. मुंबईत संपत्तीचा पूर आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचा जुना तट पाडून नव्या शहरासाठी जागा मोकळी केली. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. परंतु नव्या शहराची आखणी झालेली होती. कापसाच्या सट्ट्यातील सम्राट प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा मनोरा उभा राहिला आणि त्याला त्यांच्या मातेचे, राजाबाईंचे नाव मिळाले. जैन व्यापाऱ्याने कापसाच्या पैशावर, आपल्या आईच्या नावाने, इंग्रजी विद्येसाठी उभारलेला हा मनोरा दिसतो मात्र ख्रिस्ती घंटाघरासारखा! एवढ्या शक्तींचा संगम एका वास्तूत क्वचितच आढळेल.

राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. जनरल फुलर यांनी बांधलेली उच्च न्यायालयाची इमारतही त्याच वर्षी पूर्ण झाली. आणि त्याच वर्षी बोरीबंदरला, जेथून १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली होती तेथे, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रेल्वे कंपनीच्या मुख्यालयाचे आणि स्थानकाचे काम हाती घेतले. दहा वर्षांनी, १८८८ मध्ये ते संपले. सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे एतद्देशीय अभियंते या कामात होते, ज्या जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या प्रतिकृती केल्या, त्या विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी येथे पानेफुले, मोर आणि वानरे कोरली. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मराठवाड्यातून देवगिरी किंवा तपोवन एक्सप्रेसने मुंबईला जाणारा प्रत्येक जण याच वास्तूत उतरतो. घाई बाजूला ठेवून त्याने एकदा बाहेरून वर पाहावे. टोकदार कमानी, रंगीत काचा, मनोरे, मध्यभागी घुमट : सर्व काही कॅथेड्रलचे. तिकिटघराच्या छताला फासळ्या आहेत, त्यांवर तारका आहेत. कॅथेड्रलच्या शिखरावर जेथे क्रूस असतो, तेथे मात्र एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चक्र धरलेली स्त्रीमूर्ती उभी आहे. तिचे नाव 'प्रगती'. प्रवेशद्वारी एका खांबावर ब्रिटनचा सिंह आहे, दुसऱ्यावर हिंदुस्थानचा वाघ. एका युगाचा धर्मसिद्धांत इतक्या स्पष्टपणे कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. वास्तू सुंदर आहे, आणि तिने सर्व जातिधर्मांच्या माणसांना एका छताखाली आणले हे तिचे मोठे ऋण आहे. पण आपला पहिला प्रश्न उरतोच : हिचा भार कोणी वाहिला?

१८७६ ते १८७८ ही वर्षे दख्खनच्या भीषण दुष्काळाची आहेत. मुंबई इलाख्याचे दख्खनी जिल्हे, निजामाचे राज्य, म्हैसूर आणि मद्रास या प्रदेशांत किमान पन्नास लाख माणसे मृत्युमुखी पडली. याच वर्षांत हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती. रेल्वेने दुष्काळी भागात धान्य आणले हे खरे. व्यापाऱ्यांनी त्याच रेल्वेने, भाव जेथे अधिक तेथे, ते वाहून नेले हेही खरे. मुंबईत न्यायाचे मंदिर आणि विद्येचा मनोरा कळसाला पोहोचत होते, प्रगतीच्या मंदिराचा पाया घातला जात होता, आणि घाटमाथ्यावर कापूस पिकवणाऱ्या मुलखात माणूस भाकरीवाचून मरत होता. गॉथिक शैलीत भार बाहेरच्या कमानी वाहतात, म्हणून आतले दालन प्रकाशमान राहते. साम्राज्याच्या वास्तूचेही तसेच होते. भार वाहणारे बाहेर होते, नजरेआड होते.

उच्च न्यायालयाच्या शिखरावर 'न्याय' आणि 'दया' यांच्या मूर्ती आहेत. बायबलच्या वाचकाला हे परमेश्वराचे गुण म्हणून परिचित आहेत. येथे ते राज्यसंस्थेच्या नावे उभे आहेत. या वास्तूत १९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला आणि २२ जुलैला त्यांना सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. ज्यूरीने दोषी ठरवल्यावर टिळकांनी आपले निर्दोषत्व सांगितले, आणि माणसांच्या व राष्ट्रांच्या भवितव्याचे नियमन या न्यायासनाहून उच्च अशा शक्ती करतात, अशा आशयाचे उद्गार काढले. ते उद्गार आज त्या दालनाबाहेर संगमरवरात कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या शिलालेखाचे अनावरण केले. मला या प्रसंगाचे फार महत्त्व वाटते. रोमन कचेरीने चर्चला आकार दिला. चर्चचा आकार उचलून इंग्रजी सत्तेने कचेरी बांधली. आणि त्या उसन्या कमानींखाली एका मराठी माणसाने, ज्या परमोच्च सत्तेसाठी त्या कमानी मुळात घडल्या होत्या, तिची आठवण करून दिली. आकाराला विसर पडलेला अर्थ बंदिवानाच्या मुखातून परतला.

अमेरिकन इतिहासकार हेन्री अॅडम्स यांनी १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात वीजनिर्मितीचे प्रचंड यंत्र पाहिले आणि ते अंतर्मुख झाले. मध्ययुगात ज्या शक्तीने शार्त्र उभारले ती पवित्र मरियेची होती; आपल्या युगात माणसे त्याच भक्तिभावाने या यंत्रापुढे उभी राहतात, असे त्यांना जाणवले. योगायोग असा की त्याच १९०० साली मनमाडहून औरंगाबादला रेल्वे आली. ज्या शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, त्या आपल्या शहराचे नाते तेव्हापासून बोरीबंदरच्या त्या घुमटाशी जोडले गेले. पुढे कारखाने आले. १९८० च्या दशकात वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली, आणि आता जालना रस्त्यावर काचेच्या दर्शनी भिंतींच्या इमारती उभ्या आहेत. या काचेतून प्रकाश आत येण्यापेक्षा रस्त्याचे प्रतिबिंबच अधिक दिसते. आजच्या शक्तीला जुना पोशाख लागत नाही. ती आरशासारखी उभी राहते आणि आपल्याला आपलीच इच्छा दाखवते.

मग आपण, या भूमीतील श्रद्धावंतांनी, काय बांधावे? हा प्रश्न केवळ सौंदर्यदृष्टीचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच धर्मगुरूंनी घोगरगाव परिसरात कार्य आरंभले. १९७७ मध्ये औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. आपला समाज मुख्यतः शेतमजुरांचा, अल्पभूधारकांचा, ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. अशा गावात नवे मंदिर बांधताना सिमेंटच्या भिंतीवर टोकदार कमानींची चित्रे उमटवावीत, काहीही न पेलणारे खांब बाहेर उभे करावेत, असा मोह होतो. ही पुन्हा सुताराची झोपडीच झाली. फरक इतकाच की त्या शिल्पकारांना आपल्या लाकडी परंपरेची आठवण होती, आपल्याला दुसऱ्याच्या परंपरेची आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात, चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही, असे स्पष्ट केले आहे. म्हणजे गॉथिक कमान हा श्रद्धेचा भाग नाही. एकत्र जमण्यासाठी जागा, वचनासाठी स्पष्ट ध्वनी, सर्वांना दिसणारी वेदी आणि मराठवाड्याच्या उन्हात सावली, एवढे असले की मंदिर ख्रिस्ती होते.

आपल्याच शहरात याचा एक वस्तुपाठ आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात अठराव्या शतकात पाणचक्की उभारली गेली. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणून उंचावरून सोडले आहे. त्याच्या जोरावर चक्र फिरे आणि फकीर, यात्रेकरू व शिष्यगण यांच्यासाठी पीठ दळले जाई. बीबीच्या मकबऱ्याची भव्यता तिला नाही, टर्मिनसची शोभा तर नाहीच. पण शक्ती म्हणजे काय आणि ती कोणासाठी, याचे उत्तर ती दोन शतकांहून अधिक काळ देत आहे. येथे भार पाण्याने वाहिला, आणि लाभ भुकेल्याला झाला.

आपले मंदिर कोणत्या शैलीचे आहे, हे पुढच्या पिढ्या कदाचित विचारणारही नाहीत. ते बांधताना गावातील कोणाच्या पाठीवर कर्जाचा भार पडला, कोणाला आत मानाने बसता आले, आणि दुष्काळात त्याचे दार कोणासाठी उघडले, हे मात्र त्या विचारतील. दगड त्यांना खरे उत्तर देतील.